बूट फाटले नाहीत, पण टाच दुखते: पायातलं कधी बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत दुकान, दिवसाचे आठ-नऊ तास काउंटरमागे उभं राहणं आणि पायात कोल्हापुरी. आठवड्यातून पाच दिवस सकाळी रंकाळ्यावर चार किलोमीटर चालणं, त्यासाठी तीन वर्षांपूर्वी घेतलेले स्पोर्ट्स शूज. दोन महिन्यांपासून अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं टाकताना उजवी टाच ठणकते, थोडं चाललं की हलकी होते आणि दुकान बंद करायच्या वेळी पुन्हा दुखते. बूट कुठेही फाटलेले नाहीत, मग बदलायचे कशाला, असं घरात म्हणणं आहे. जोडीला दुसरा प्रश्न: आई ७२ वर्षांच्या, मधुमेह आहे, पायात रबरी स्लिपर. तिचा अंगठ्यातला पट्टा निसटतो म्हणून खालून पिन लावली आहे. तीही बदलायची का?

आईंचं आधी सांगतो. ती स्लिपर आजच टाकून द्या, महिना संपायची वाट बघू नका. कारण पुढे येईलच.

आता तुमचं. बूट फाटला की जुना झाला, असा आपला हिशोब असतो. पण बुटाचा वरचा भाग, म्हणजे जाळी, शिलाई, नाड्या, हे सगळ्यात शेवटी खराब होतं. बुटाचं खरं काम तळ करतो आणि तळ तीन थरांचा असतो: जमिनीला टेकणारा रबराचा थर, त्याच्या वरचा जाड फोमचा थर आणि आत पाऊल जिच्यावर टेकतं ती सुकतळी. धक्का झेलायचं काम मधला फोम करतो. बहुतेक स्पोर्ट्स शूजमध्ये हा ईव्हीए जातीचा फोम असतो. त्यात गॅसचे बारीक बारीक कप्पे असतात, दर पावलाला ते दबतात आणि पुन्हा फुगतात. हजारो पावलांनंतर ते पुरते फुगेनासे होतात. जुन्या गादीतला कापूस जसा एका जागी दबून बसतो तसंच हे. बाहेरून बूट जसाच्या तसा दिसतो, पण टाचेखाली उरलेला फोम कडक आणि पातळ झालेला असतो.

म्हणून वर्षं मोजू नका, किलोमीटर मोजा. चार किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला वीस आणि वर्षाला हजारच्या आसपास. तीन वर्षांत तुमच्या बुटांनी साधारण तीन हजार किलोमीटर काढले. धावणाऱ्यांसाठी ५०० ते ८०० किलोमीटरला जोड बदला असा ढोबळ नियम सांगितला जातो. धावताना पायावर प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, चालताना तो वजनाहून थोडाच जास्त असतो. त्यामुळे चालण्याचा बूट जास्त टिकतो. माझा रुग्णांसाठीचा हिशोब असा: ८०० किलोमीटर झाले की तपासायला सुरुवात करा आणि रोज चालणाऱ्याने हजाराच्या पुढे फार ताणू नका. तुमचे बूट ती हद्द ओलांडून दोन वर्षं झाली.

अर्थात हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. ९० किलोच्या माणसाचा फोम ६० किलोच्या माणसापेक्षा लवकर बसतो. मातीच्या वाटेवर चालणाऱ्याचं रबर डांबर, काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकवर चालणाऱ्यापेक्षा जास्त टिकतं. पावसाळ्यात भिजलेले बूट न वाळवता पुन्हा घातले, किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवले, तर चिकटवलेले थर सुटतात आणि फोमचं आयुष्यही घटतं. म्हणून आकड्याला चिकटून न राहता बूट हातात घेऊन बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

दोन्ही बूट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, टाचा तुमच्याकडे. डोळे टेबलाच्या पातळीत आणून मागून बघा. टाचेमागची मधली शिवण सरळ उभी दिसली पाहिजे. बूट आत किंवा बाहेर कलला असेल, तर तो घातल्यावर तुमची टाचही तशीच कलते आहे. मग बूट उलटा करा. टाचेचा बाहेरचा मागचा कोपरा झिजलेला असणं नेहमीचं आहे, कारण बहुतेकांचं पाऊल तिथेच आधी टेकतं. मात्र झीज दोन्ही बुटांना साधारण सारखी हवी आणि रबर संपून आतला वेगळ्या रंगाचा फोम दिसता कामा नये. तो दिसला की विषय संपला.

पुढचं बघणं हाताने करायचं. टाच एका हातात आणि नाक दुसऱ्या हातात धरून बूट दुमडा. तो बोटांच्या सांध्यापाशी, म्हणजे चवड्यापाशी वाकायला हवा. मधोमध वाकत असेल तर कमानीला तो काहीच आधार देत नाही. मग ओला पंचा पिळतो तसा पिळून बघा, थोडा विरोध जाणवला पाहिजे. टाचेला मागून धरणारा कडक भाग अंगठा आणि तर्जनीत दाबा. तो सहज आत जात असेल तर टाच बुटात इकडेतिकडे होणार. नाड्या न सोडता पाय आत खुपसायची सवय असेल, तर हा भाग सगळ्यात आधी मरतो. फोमच्या बाजूने टाचेजवळ आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या असतील, बूट पायात नसतानाही त्या राहत असतील आणि तिथे अंगठ्याने जोर देऊनही फोम दबत नसेल, तर फोम बसला आहे. शेवटी सुकतळी बाहेर काढा. टाचेखाली खोल खड्डा आहे का, अंगठ्याखाली भोक पडायला आलंय का, बघा. सुकतळी एकटीच गेली असेल तर तेवढी बदलून भागतं. पण फोम गेल्यावर नवी सुकतळी टाकणं म्हणजे दोन-चार आठवड्यांची सोय.

तळावरची झीज तुमच्या चालीची नोंद असते. आतली कड जास्त झिजली असेल तर पाऊल चालताना प्रमाणाबाहेर आत कलतं, कमान खाली बसते. चवड्याच्या मधोमध खड्डा असेल तर पोटऱ्या आखडलेल्या असण्याची शक्यता असते. एकच बूट वेगळा झिजला असेल तर जुनी मुरगळ, गुडघ्याचं दुखणं किंवा दोन पायांच्या लांबीतला फरक तपासून घ्यावा लागतो. निव्वळ झिजेवरून निदान होत नाही, पण कुठे बघायचं ते कळतं. त्यामुळे नवा जोड आणल्यावर जुना लगेच भंगारात टाकू नका. चालीतच दोष असेल तर नवा जोडही काही महिन्यांत तसाच झिजेल, आणि ताडून बघायला जुना हाताशी हवा.

आता शरीरावर काय होतं ते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायात एक जाड, चिवट पडदा ताणलेला असतो, प्लांटर फॅशिया. पायाची कमान त्याच्यावर तोललेली असते. टाचेखाली चरबीची उशी असते, ती चाळिशीनंतर हळूहळू आपली लवचिकता गमावते. बुटाचा फोम बसला की धक्का झेलायचं काम या उशीवर आणि पडद्यावर जास्त येतं. बूट आत कलला असेल तर पडद्यावर दर पावलाला जास्त ताण. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पडदा आखूड होऊन राहतो, आणि सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं. म्हणून ती सकाळची कळ. तुम्ही सांगितलेली लक्षणं या दुखण्याशी बरीच जुळतात. तपासणीत टाचेच्या तळाशी, थोडं आतल्या बाजूला दाबल्यावर नेमकं दुखलं तर खात्री वाढते. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. असं हाड टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांमध्येही सापडतं.

टाचेपासून वर सरकत गेलं की दुखण्याचा बुटाशी संबंध सैल होत जातो, हेही सांगायला हवं. बाहेरच्या बाजूने कललेल्या टाचेमुळे घोटा मुरगळायची शक्यता वाढते, हे उघड आहे. टाच साधारण सहा सेंटिमीटर रुंद धरली आणि बाहेरची अख्खी कड पाच मिलिमीटर झिजली, तर टाच जवळपास पाच अंशांनी कलते. खड्ड्यात पाऊल पडलं की तो कल महागात पडतो. गुडघ्याचं आधीचं दुखणं झिजलेल्या बुटाने वाढू शकतं. पण कंबरदुखीचं सगळं खापर चपलेवर फोडू नका. तिला बसणं, वजन, स्नायूंचा अशक्तपणा अशी अनेक कारणं असतात. बूट बदलल्याने कंबर बरी झाली असं क्वचितच होतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात मागे राहिली. तुम्ही बुटांबद्दल विचारलंत, आणि बूट पायात असतात दिवसातला पाऊण तास. कोल्हापुरी असते आठ-नऊ तास, तीही लादीवर एका जागी उभं राहताना. माझ्या मते तुमच्या टाचेला जास्त त्रास तिथे होतोय.

कोल्हापुरी वाईट नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, पुढे बोटांना पसरायला मोकळी जागा आणि काही आठवड्यांत तुमच्या पावलाचा आकार घेणारा तळ, हे सगळं निरोगी पायाला मानवतं. पण तो तळ सपाट आणि कडक असतो. टाचेखाली मऊ काहीच नसतं आणि टाच चवड्यापेक्षा फारशी उंच नसते. दुखणाऱ्या टाचेला नेमक्या याच दोन गोष्टी हव्या असतात. म्हणून पुढचे दोन-तीन महिने कोल्हापुरी लग्नकार्याला, बाहेर तासाभरासाठी वापरा. दुकानात मागे पट्टा असलेली सँडल किंवा हलका बूट घाला, ज्याची टाच चवड्यापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर उंच असेल आणि टाचेखाली दाबल्यावर थोडं दबून परत वर येणारा थर असेल. फार मऊही नको, बोट घातल्यावर रुततच जाणाऱ्या फोममध्ये पाऊल डळमळतं. काउंटरमागे उभं राहता तिथे १५ ते २० मिलिमीटर जाडीची रबरी चटई अंथरा. दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा एक लाकडी ठोकळा ठेवा, आलटून पालटून एकेक पाय त्यावर. तासाला पाच मिनिटं बसा.

कोल्हापुरी बदलायची की दुरुस्त करायची, हा वेगळा हिशोब. हाताने बनवलेल्या चांगल्या चपलेचे थर कातड्याच्या वादीने शिवलेले असतात, त्यामुळे ती दुरुस्त होते, आणि करावी. टाचेचा बाहेरचा कोपरा चार-पाच मिलिमीटर झिजला की चर्मकाराकडे देऊन टाचेचा थर नवा घाला. खाली पातळ रबर लावून घेतलं तर झीज कमी होते आणि फरशीवर घसरणंही कमी होतं. लोक उशीर करतात, मग झीज वरच्या थरापर्यंत पोचते आणि शिलाईच तुटते. अंगठा किंवा पट्टा सैल झाला असेल तर तोही आवळून घ्या, कारण सैल चप्पल पायात राहावी म्हणून माणूस नकळत बोटं आवळून चालतो. दिवसभर आवळलेली बोटं म्हणजे चवडा दुखणं आणि बोटांच्या शेंड्यांवर घट्टे, कुरुपं. चप्पल टाकून द्यायची वेळ कधी? तळ मधोमध वाकून होडीसारखा झाला, थर आतून सुटून फटफट वाजायला लागले किंवा कातडं भिजून भिजून भेगाळलं की. आपल्याकडच्या पावसात ती वापरू नका. भिजलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलं की कातडं कडक होऊन फाटतं. वाळल्यावर बोटभर तेल चोळा. पुठ्ठ्याचा तळ आणि रेक्झिनचे पट्टे असलेल्या स्वस्त चपला एका पावसात फुगतात, त्या दुरुस्त करण्यात पैसे घालवू नका.

आता आईंची स्लिपर. मधुमेहात बऱ्याच जणांच्या तळपायाची संवेदना हळूहळू कमी होते. पिनेचं टोक टोचलं, खडा आत गेला, पट्ट्याने कातडं सोललं, तरी कळत नाही. कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते. म्हणून ती पिन मला त्या घरातली सगळ्यात धोकादायक वस्तू वाटते. शिवाय टाचेखाली झिजून गुळगुळीत झालेली रबरी स्लिपर ओल्या फरशीवर, न्हाणीत, पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर घसरते, आणि ७२ व्या वर्षी पडणं म्हणजे मनगट किंवा खुब्याचं हाड मोडणं.

त्यांना अंगठ्यात अडकवायची चप्पल नकोच. पुढे रुंद, वर चिकटपट्टीने सैल-घट्ट करता येणारे पट्टे, मागे पट्टा, आत मऊ थर आणि खाली काटा आरपार जाणार नाही असा चिवट तळ, अशी चप्पल घ्या. एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल म्हणून विचारलंत तर अनेक दुकानांत मिळते. खिळे मारलेली चप्पल घेऊ नका आणि दुरुस्तीतही खिळे मारू देऊ नका. पायात घालण्याआधी रोज आत हात फिरवायचा. मऊ थर दाबून पाहून तो दर सहा महिन्यांनी तपासा, बसला असेल तर बदला. रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा, त्यांना दिसत नसेल तर तुम्ही बघा. घरातही अनवाणी चालू देऊ नका. अंबाबाईच्या किंवा जोतिबाच्या दर्शनाला जायचं तर सकाळी लवकर न्या. दुपारच्या तापलेल्या दगडी फरशीने संवेदना नसलेल्या पायाला फोड येतात आणि त्यांना ते कळणारही नाही. जाड सुती मोजे घालून न्या.

नवे बूट घेताना दिवस निवडायचा नसतो, वेळ निवडायची: संध्याकाळ. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा बसलेला बूट दिवसभर बसतो. दोन्ही पाय मोजून घ्या, मोठ्या पायाच्या मापाचा जोड घ्या. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीहून कमी, जागा हवी. मोजे घालून दुकानात दोन-चार फेऱ्या मारा. 'घातल्यावर सैल होईल' या बोलीवर बूट घेऊ नका, पहिल्याच मिनिटाला चावणारा बूट पुढेही चावतो. जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा. फोमला आणि आतल्या घामाला वाळायला एक दिवस मिळतो. सेल लागला म्हणून चार जोड घेऊन कपाटात ठेवू नका. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत न वापरताही कुजतो आणि तीन-चार वर्षांनी काढून घातला की तुकडे पडतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत सेफ्टी शूज घालणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. त्यांच्या बुटाच्या स्टीलच्या टोपीवर एकदा जड वस्तू पडली असेल, तर तो जोड बाहेरून धड दिसला तरी बदलायचा.

नवे बूट पहिल्या दिवशी चार किलोमीटर नेऊ नका. पहिले तीन-चार दिवस वीस मिनिटं, मग वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण फेरी. टाच दुखतेय तोवर एकूण चालणंही अर्ध्यावर आणा. अंथरुणातून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहा मोजेपर्यंत धरा, दहा वेळा. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणा, ३० सेकंद, तीन वेळा, एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा थोडा वाकवून. संध्याकाळी गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळपाय पाच मिनिटं फिरवा. हा बर्फाचा उपाय आईंसाठी नाही, संवेदना कमी असलेल्या पायाला बर्फाने इजा होते. हे दुखणं आठवड्यात जात नाही. महिन्याभरात सकाळची कळ कमी व्हायला लागावी, पूर्ण जायला काही महिने लागू शकतात.

चार ते सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर दाखवा. त्याआधी दाखवायचं ते टाच सुजली किंवा लाल झाली, रात्री झोपेतही दुखायला लागली, पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, किंवा पाऊल टेकवता येईनासं झालं तर. आईंच्या पायावर मात्र छोटीशी जखम, फोड किंवा काळा डाग दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, घरी हळद-मलम करत बसू नका. तपासणीला जाताना तुमचे जुने बूट आणि कोल्हापुरी, दोन्ही पिशवीत घालून न्या, आणि न धुता न्या. सुकतळीवरचे ठसे आणि तळाची झीज तपासणाऱ्याला जशीच्या तशी दिसायला हवी.